दिपमाला अक्कांनी किल्ली दिली नाही

दोन विद्यापीठं एक होणार ही बातमी आमच्या वसतिगृहात टेप घेऊन आली.

धुळ्याच्या पांझरा विद्यापीठातलं मुलींचं वसतिगृह. आमच्या रेक्टर अक्का तळमजल्यावर मेसच्या बायकांबरोबर मेथी निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात साक्रीकडची एक मुलगी ओल्या केसांनीच धावत जिना उतरली. म्हणाली, "अक्का, माझ्या खोलीत दोन माणसं भिंत मोजताहेत."

अक्का उठल्या. मी मागोमाग गेले. दुसऱ्या मजल्यावर खरंच दोघं जण टेपची दोन टोकं धरून उभे होते. एकाच्या पायाखाली मुलीची चटई होती, पायातले बूट तसेच.

"कोण तुम्ही?"

"जळगावहून आलोय मॅडम. गिरणा विद्यापीठ, बांधकाम विभाग. समितीचं काम आहे."

"कसली समिती?"

त्या माणसाला वाटलं असावं, या बाईंना सगळं माहीत आहे आणि त्या उगाच विचारताहेत. तो सहज बोलून गेला, "एकत्रीकरणाची. ही बिल्डिंग उत्तरपत्रिका तपासणीला घ्यायची आहे ना. मधल्या भिंती काढल्या तर केवढा हॉल होतो ते बघतोय."

अक्कांनी चटईकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "आधी बूट काढा. मग टेप गुंडाळा. मग खाली चला, चहा पिऊन जा. भिंत काही काढायची नाही."

त्यांनी चहा घेतला नाही, पण टेप गुंडाळली.

मी कामिनी, त्या वसतिगृहाची सहायक रेक्टर. माहेर बोदवडचं, सासर धुळ्याचं. म्हणजे ज्या दोन जिल्ह्यांची विद्यापीठं एकमेकांत मिसळायची चालली होती, त्या दोन्हींचं पाणी मी प्यायले आहे. आमच्याकडचे धुळेकरांना हसतात, धुळेकर आम्हाला 'केळीवाले' म्हणतात. हे चालायचंच. पण त्या दिवशी जिन्यावरून उतरताना अक्कांनी मला विचारलं, "कामिनी, तुझी माणसं माझ्या भिंती का मोजतात गं?" तेव्हा मला हसू आलं नाही.

अक्का म्हणजे दिपमाला चिंधा बोरसे. नावापुढे बापाचं नाव लावतात, नवऱ्याचं नाही. याची गोष्ट वसतिगृहात येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या महिन्यात कळते, कुणी सांगो न सांगो.

कुसुंब्याच्या अलीकडे पांझरेकाठी त्यांचं गाव. चिंधा आबांची मिरची-कांद्याची शेती. पोरगी बारावी झाली आणि शिंदखेड्याकडे देऊन टाकली. लग्नाच्या बोलणीत सासरच्यांनी कबूल केलं होतं, सून बी.ए. पुरं करील. दोन वर्षं तिनं घरातलं सगळं करून अभ्यास केला. शेवटच्या वर्षाच्या पहिल्या पेपरला नवरा सकाळी म्हणाला, आज जायचं नाही, घरी पाहुणे येणार आहेत. ती म्हणाली, स्वयंपाक करून ठेवलाय, मी जाते. त्यानं तिला मागच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. त्या खोलीचं एक दार परसात उघडायचं. परसाला पुरुषभर उंचीची भिंत होती, वर काचा लावलेल्या. तिनं गोधडी टाकली, भिंत ओलांडली, रस्त्यावर दुधाची गाडी दिसली तिला हात केला. पेपरला पोचली तेव्हा पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, आधी पट्टी बांध. ती म्हणाली, आधी पेपर द्या.

सासरी ती पुन्हा गेली नाही. चिंधा आबा बराच काळ लेकीशी बोलले नाहीत. एकाच घरात राहून, ताटावर बसूनही बोलले नाहीत. पुढे तिला याच वसतिगृहात मेस बघायची नोकरी लागली. नोकरी करत एम.ए. झाली, सहायक रेक्टर झाली, मग रेक्टर. मुलींनी 'मॅडम' म्हणायचा प्रयत्न केला, जमला नाही. अक्काच राहिल्या.

तर अशा बाईच्या भिंती मोजायला माणसं आली होती.

आता समितीची बाजूही सांगायला हवी, कारण ती अगदीच खोटी नव्हती. दोन विद्यापीठं, मधे दीड-दोन तासांचा महामार्ग. दोन्हीकडे मुलं कमी, शिक्षक त्याहून कमी. आमच्या रसायनशास्त्रात कायम प्राध्यापक दोनच उरले होते. त्यातले एक डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर. चांगलं यंत्र होतं, ते चालवणारा नव्हता. गिरणा विद्यापीठात चालवणारे होते, पण वर्गात बसायला पोरं नव्हती. शासनानं म्हटलं, दोन्हीचं एक करा. निवृत्त कुलगुरू डॉ. प्रेमराज देवरे यांना अध्यक्ष नेमलं. समितीचे सचिव होते गिरणा विद्यापीठाचे उपकुलसचिव योगराज बोंडे. हे माझ्या माहेरच्याच जिल्ह्याचे. वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात होते, तिथल्या कॉलनीत वाढलेला हुशार, सरळ माणूस.

आराखडा असा: विज्ञानाचे, वाणिज्याचे, सगळे पदव्युत्तर विभाग जळगावला. धुळ्याचं होणार उपकेंद्र, म्हणजे परीक्षेचं काम आणि चार-दोन अभ्यासक्रम. मुलींचं वसतिगृह बंद. मुलींसाठी जळगावला 'नवीन, सुसज्ज' वसतिगृह.

"सुसज्ज म्हणजे काय?" अक्कांनी विचारलं.

मी म्हटलं, "म्हणजे अजून बांधलेलं नाही."

जानेवारीत समितीची जाहीर सुनावणी ठरली, आमच्याच सभागृहात. कुलगुरूंनी तोंडी निरोप धाडला की वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांनी त्यात पडू नये. अक्का म्हणाल्या, "मी कशाला पडते? मी पालकांना बोलावते. ते पडतील."

दोन रविवार आम्ही माझ्या स्कूटीवर गावं पालथी घातली. नेर, कुसुंबा, पार पिंपळनेरपर्यंत. प्रत्येक घरी तेच. ओसरीवर पाणी, मग चहा, मग अक्कांचा प्रश्न: "वसतिगृह जळगावला गेलं तर पोरीला पाठवाल का?" आणि प्रत्येक बापाची मान आडवी.

भिकन माळी नेरजवळ वांगी-मिरची करतात. त्यांची मयुरी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, रसायनशास्त्र. भिकनभाऊ खाटेवरून उठून उभे राहिले. "अठे शे ते ठीक शे. सोमवारले मी मार्केटले माल लई येस, पोरले देखी लेस. जळगावले आम्हनं कोन शे? मी नही धाडाव." सोमवारी धुळ्याच्या मार्केटला माल घेऊन आले की ते लेकीला बघून जायचे, जळगावला त्यांचं कुणी नव्हतं.

"हे सुनावणीत सांगाल?"

"सांगसू ना. बठ्ठा बाप हाईच म्हनतस."

सगळे बाप हेच म्हणत होते. परत येताना मला वाटलं, काम होतंय म्हणून अक्का समाधानात असतील. पांझरेच्या पुलावर त्या एकदम बोलल्या, "ज्या बापांशी वीस वर्षं भांडले, त्यांनाच आता साक्षीला नेतेय."  

सुनावणीला सभागृह भरलं. पागोटी, गांधी टोप्या, डोक्यावर पदर घेतलेल्या आया. एकेक बाप उठला आणि तेच बोलला: धुळ्याला असेल तर शिकवू, जळगावला असेल तर घरी बसवू. मंचावरचे लोक अस्वस्थ झाले. पत्रकार भराभर लिहू लागले. देवरे सरांनी चष्मा काढून पुसला. मी मनात म्हटलं, जिंकलो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून मयुरी उठली.

तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. ती माइकपाशी आली. बापाकडे बघितलं नाही, अक्कांकडेही नाही.

"मी मयुरी भिकन माळी. सगळ्यांचं ऐकलं. माझे वडील पाठवणार नाहीत म्हणून वसतिगृह वाचवा, असं चाललंय इथे. मला तसं वाचवलेलं नको. माझ्या प्रयोगशाळेत यंत्र झाकून ठेवलंय. जळगावला ते चालतं. मला तिकडे जायचंय. आम्हाला कुठे जायचंय हे अजून कुणीच विचारलेलं नाही. समितीनं नाही, बापानं नाही..." ती थांबली. मग म्हणाली, "आणि अक्कांनीपण नाही."

भिकनभाऊ जागीच ओरडले, "खाले बस!" ती बसली नाही. माइक जागेवर ठेवून सरळ सभागृहाबाहेर गेली.

त्या संध्याकाळी जेवणाच्या वेळेला मेसमध्ये मयुरी ताट घ्यायला आली. अक्का वाढायला उभ्या होत्या. त्यांनी तिच्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ठेवली, डाळ वाढली आणि म्हणाल्या, "चारचौघांत माझं नाव घेतलंस."

"घेतलं."

"राग येईल मला, वाटलं नाही?"

"वाटलं." मयुरी ताट धरून तिथंच उभी राहिली. "अक्का, तुम्ही भिंतीवरून उतरलात तेव्हा आबांना विचारलं होतं?"

डाळीचा डाव अक्कांच्या हातात तसाच राहिला. मागे रांग थांबली होती. मला वाटलं, आता या पोरीचं काही खरं नाही. अक्कांनी डाव पातेल्यात ठेवला, हात पदराला पुसले.

"नव्हतं विचारलं," त्या म्हणाल्या. "जेव तू. जेवण झाल्यावर सगळ्यांनी इथंच थांबा."

जेवणं झाल्यावर त्यांनी प्रत्येकीला विचारलं. हात वर करायला लावले नाहीत. एकेकीला उभं करून, तुला काय हवंय ते सांग, म्हणाल्या. बराच वेळ चाललं. विज्ञानाच्या बऱ्याच जणींना जळगावला जायचं होतं. कलाशाखेच्या, विधीच्या मुलींना धुळ्यातच राहायचं होतं. काही जणींना मनातून जायचं होतं, पण घरचे काय म्हणतील म्हणून त्या राहायचं म्हणत होत्या. अक्का त्यांना पुन्हा विचारत. "घरच्यांचं नंतर बघू. तुला काय हवंय?" एक मुलगी रडायलाच लागली. म्हणाली, मला हे आजवर कुणी विचारलंच नाही, आता सुचत नाहीये.

सगळं ऐकून अक्का म्हणाल्या, "ठीक आहे. ज्यांना जायचंय त्या जातील. ज्यांना राहायचंय त्या राहतील. मी दोन्हींसाठी भांडते. बापांशी पण आणि समितीशी पण."

मी बाजूला घेऊन म्हटलं, "अक्का, असं दोन तोंडांनी भांडता येत नाही. एक काहीतरी धरा."

"का येत नाही? समितीला इमारत हवी, बापांना पोरी हव्यात. पोरींना काय हवंय तेवढं मी धरलंय. एकच तर आहे."

फेब्रुवारीत समितीची बैठक जळगावला होती. आम्हाला बोलावणं नव्हतं. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा अक्कांनी पेपरात बांधलेला वडा खाल्ला आणि मला म्हणाल्या, "तुला यायची सक्ती नाही. तुझी नोकरी अजून कच्ची आहे." मी म्हटलं, "तिकीट काढलंय आता."

गिरणा विद्यापीठाच्या दारात योगराज बोंडेंनी आम्हाला अडवलं. आवाज मऊच होता. "बोरसे मॅडम, बैठक फक्त सदस्यांची आहे."

"मग सदस्यांना बाहेर बोलवा. मी इथं व्हरांड्यात बोलते."

शेवटी देवरे सरच दारात आले. थकलेले दिसत होते. "बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण रेक्टरनं धोरणात शिरायचं नसतं."

"सर, मी नाही शिरले. धोरणच बूट घालून माझ्या मुलीच्या चटईवर उभं होतं."

आत कुणीतरी हसलं. देवरे सर हसले नाहीत, पण त्यांनी दार उघडं ठेवलं. अक्का आत गेल्या, उभ्यानंच बोलल्या. विलीनीकरणाला माझा विरोध नाही, म्हणाल्या. विज्ञानाच्या मुलींना इकडे आणा, त्यांना यायचंच आहे. पण धुळ्याचं वसतिगृह बंद करायचं नाही, तिथं राहणाऱ्या राहतील. आणि इकडे मुली यायच्या आधी त्यांच्या डोक्यावर छप्पर हवं. "ते छप्पर मला आत्ता दाखवा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बोंडे उठले. "मी दाखवतो."

त्यांनी आम्हाला आवाराच्या टोकाला नेलं. वेडी बाभूळ, मधे कोनशिला, त्यावर एक शेळी उभी. आमच्या मागोमाग देवरे सरही चालत आले होते.

"हे?" अक्का म्हणाल्या.

"हे," बोंडे म्हणाले. "मॅडम, मी हे समितीत दोनदा मांडलंय. सर, तुम्हाला आठवत असेल. निविदाच निघालेली नाही. पुढच्या वर्षीसुद्धा होणार नाही हे."

देवरे सर शेळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "योगराज, हे अहवालात असं उघडं लिहिता येत नाही. एकदा तारीख ठरली की बाकीचं आपोआप हलतं, असा माझा अनुभव आहे."

"माझा नाही," अक्का म्हणाल्या. "माझा अनुभव आहे की तारीख ठरली की मुली हलतात. घरी जातात. परत येत नाहीत."

त्या दिवशी काही ठरलं नाही. परतीच्या गाडीत बसवायला बोंडे स्टँडपर्यंत आले. मला आमच्या बोलीत हळूच म्हणाले, "कायले एवढं अंगावर घेऊन राह्यल्या या बाई?" मी म्हटलं, "तुम्ही घेत नाही म्हणून." मग मला वाईट वाटलं, कारण कोनशिला दाखवायला तेच उठले होते.

एप्रिलअखेर आदेश आला. उन्हाळी सुट्टी लागताच वसतिगृह रिकामं करायचं, इमारतीच्या किल्ल्या बांधकाम विभागाकडे द्यायच्या. कुलगुरूंनी अक्कांना बोलावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "किल्ली देणार नाही."

"हा शासनाचा निर्णय आहे."

"निर्णय अजून झालेला नाही. अहवालच गेलेला नाही. तुम्ही आधी वसतिगृह रिकामं करणार, मग म्हणणार, तिथं तर कुणी राहतच नाही. मला कळतं सर."

"तुमच्यावर कारवाई होईल."

"होऊ द्या."

सुट्टी लागली. दरवर्षी या दिवसांत वसतिगृह ओस पडतं. या वर्षी मुली गेल्याच नाहीत. ज्यांना धुळ्यात राहायचं होतं त्याही थांबल्या आणि ज्यांना जळगावला जायचं होतं त्याही. मयुरीनं घरी निरोप धाडला, मी येत नाही. मेसचं कंत्राट सुट्टीपुरतं बंद होतं, म्हणून चुली पोरींनीच पेटवल्या. धुळ्याचं मे महिन्याचं ऊन, कूलर बंद, कारण वरच्या मजल्यांची वीज कुणीतरी 'देखभालीसाठी' काढून घेतली. मुली ओल्या चादरी खिडकीला लावून खालच्या व्हरांड्यात झोपायच्या. सकाळी उठून अभ्यास करायच्या. कुणी घोषणा दिली नाही, फलक लावला नाही. अक्का म्हणायच्या, "आपण आंदोलन करत नाही. आपण राहतोय. राहायलाच तर आहे हे."

एक दिवस कुलसचिव नवं कुलूप घेऊन आले. बरोबर सुरक्षारक्षक. अक्का दारातल्या पायरीवर बसल्या होत्या, हातात वर्तमानपत्र.

"मॅडम, बाजूला व्हा."

अक्कांनी पेपराची घडी घातली. "आत मुली आहेत. त्यांना आत ठेवून कुलूप लावायचं असेल तर लावा. मी अडवत नाही. फोटो तेवढा काढते."

"मुलींना बाहेर काढा."

"तुम्ही काढा. एकेकीला हाताला धरून बाहेर काढा. आहे हिंमत?"

त्यांनी हे शांतपणे विचारलं. मी आतल्या बाजूला उभी होते.  माझ्या पाठीशी मुली येऊन उभ्या राहिल्या, एकमेकींना खेटून. तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आली, डोक्यावर पाटी. मयुरीची आई, पुष्पाबाई. नेरहून पहिल्या गाडीनं आली होती. तिनं कुलसचिवांकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, काही न बोलता पायरीवर अक्कांच्या शेजारी बसली आणि पाटीवरचं फडकं सोडलं. भाकऱ्यांची चळत, ठेचा, कांदे.

"जेवनात का साहेब?" तिनं विचारलं.

सुरक्षारक्षकानं तोंड फिरवलं. हसत होता की काय कोण जाणे. कुलसचिव कुलूप घेऊन परत गेले.

दुसऱ्या दिवसापासून आणखी आया यायला लागल्या. बाप कुणी आले नाहीत.

पुढचं मला बोंडेंकडून कळलं. अहवालावर सह्या व्हायच्या बैठकीत त्यांनी सही करायला नकार दिला. कोनशिलेचा फोटो टेबलावर ठेवून म्हणाले, सर, तुम्ही इथं राहायला तुमच्या नातीला पाठवाल का? हो म्हणा, मग मी करतो सही. देवरे सर खूप चिडले. बैठक उधळली. पण दोन दिवसांनी त्यांनीच बोंडेंना घरी बोलावलं आणि आराखडा पुन्हा लिहायला घेतला.

जूनमध्ये शासनाचा निर्णय झाला. दोन्ही विद्यापीठं एक. विज्ञानाचे विभाग जळगावला. धुळ्याचं मुलींचं वसतिगृह चालू राहणार, कला आणि विधी इथंच. जळगावला नवी इमारत होईपर्यंत प्राध्यापकांची रिकामी पडलेली निवासस्थानं दुरुस्त करून मुलींना देणार. आम्ही मेसच्या अंगणात शेवभाजी केली. रडारड झाली, नाच झाला.

आणि त्याच आठवड्यात अक्कांची बदली झाली. आदेश न पाळल्याबद्दल चौकशी, आणि ती होईतो जळगावच्या तात्पुरत्या वसतिगृहावर हजर व्हायचं. ज्या घरासाठी त्या भांडल्या त्यातूनच त्यांना उचललं होतं. सगळे म्हणाले, कोर्टात जा. मीही म्हटलं. त्या दिवशी अक्का पहिल्यांदाच चिडून माझ्यावर ओरडल्या, "मला सारखं जिंकायचंय असं वाटतं का तुम्हाला?" मग खोलीत जाऊन दार लावून बसल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, "किल्ल्या घे. या तुझ्याकडे. मागायला कुणी आलं तर तुला माहीत आहे."

मग म्हणाल्या, "स्कूटी काढ. नेरला जायचंय."

भिकनभाऊ गोठ्यापाशी होते. सुनावणीनंतर त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं होतं. अक्कांना बघून त्यांनी हात धुतले, खाट टाकली.

"भिकनभाऊ, मयुरीचा विभाग गेला जळगावला. ती जाणार. मी सांगायला आले, विचारायला नाही."

त्यांनी ओले हात पंचाला पुसले. मग म्हणाले, "तुन्ही बी बदली व्हयनी म्हने तठे?"

"झाली."

त्यांचा चेहरा थोडा मोकळा झाला. "तू शे तठे, ते मंग मना जीवले घोर नही. लई जाय."

मला वाटलं, सुटलो. अक्का आता हो म्हणतील आणि आम्ही चहा पिऊन निघू. पण त्यांनी मान हलवली.

"तसं नको."

"मंग कसं?"

"मी आहे म्हणून पाठवू नका. उद्या मला गडचिरोलीला टाकतील, मी आजारी पडेन. मग काय, तिला परत आणाल? ती शिकायला चालली म्हणून पाठवा. मी तिथं असो की नसो. तसं कबूल असेल तर हो म्हणा. नाहीतर ती तशीही जाणार आहे, तुम्ही न बोलता बसा. माझे आबा बसले होते. काय मिळालं त्यांना? मी समोर होते आणि त्यांना लेक नव्हती."

मी अक्कांकडे बघतच राहिले. होकार हातात आलेला आणि ही बाई तो परत करत होती.

भिकनभाऊ उठून गोठ्यात गेले. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. पुष्पाबाई घरातून बाहेर आली. "पोरनी बॅग मी भरी ठेयेल शे," ती नवऱ्याच्या पाठीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुम्हीन बोला नाहीतर नका बोला."

 आम्ही निघालो. फाट्यापर्यंत आलो तोवर मागून मोटरसायकल आली. भिकनभाऊ. त्यांनी गाडी आडवी लावली. अक्कांकडे न बघता विचारलं, जळगावला कोणत्या दिवशी जायचं आणि तिथल्या भाजी मार्केटला सकाळी किती वाजता लिलाव सुरू होतो.

"ते तुम्ही शोधा," अक्का म्हणाल्या.

जुलैत त्या गेल्या. मयुरी गेली, आणखी मुली गेल्या. काही बापांनी शेवटपर्यंत नाहीच म्हटलं. त्यांच्या लेकींपैकी दोघींना अक्का जाऊन घेऊन आल्या, एकीला आणू शकल्या नाहीत. तिचं लग्न ठरलं होतं. तिचं नाव निघालं की अक्का अजून विषय बदलतात.

मी आता धुळ्याची रेक्टर आहे. परवा दुपारी बोंडेंचा फोन आला. आवाज रडवेला.

"कामिनीताई, तुमच्या अक्का माझ्या ऑफिसात येऊन बसल्यात. सकाळपासून."

"का? काय झालं?"

"निवासस्थानांच्या रस्त्यावर दिवे नाहीत, म्हणतात. खरं आहे ते, अर्ज गेलाय. महिनाभरात होईल म्हटलं. तर म्हणाल्या, ठीक आहे, तोवर मुली संध्याकाळी इथंच अभ्यासाला बसतील. पोरी आल्यात हो! माझ्या टेबलावर कुणाची तरी रसायनशास्त्राची पुस्तकं आहेत. मी आता बसू कुठे?"

मागून अक्कांचा आवाज आला. "योगराज, त्या खुर्चीत बस. आणि वायरमनला फोन लाव."